क्यू असलेले पाच अक्षरी शब्द पाठ झाले, पण बोर्डावर आठवत नाहीत

साताऱ्याहून एका वडिलांनी विचारलं आहे: मुलगी नववीत आहे, शाळेतर्फे स्क्रॅबलच्या (बोर्डावर अक्षरं लावून इंग्रजी शब्द करायचा खेळ) स्पर्धेला जाते. घरी तिने याद्या छापून घेतल्या आहेत. ‘क्यू असलेले पाच अक्षरी शब्द’, ‘झेडने संपणारे चार अक्षरी शब्द’, असे वीस-पंचवीस कागद. विचारलं की धडाधड म्हणून दाखवते, पण बोर्डासमोर बसली की त्यातला एकही शब्द सुचत नाही. याद्या चुकीच्या आहेत की पाठांतर कमी पडतंय?

पाठांतर कमी पडत नाहीये. याद्याही बरोबर असतील. चुकलंय ते यादी लावण्याचं. मी बावीस वर्षं स्पर्धांमध्ये खेळतोय आणि दर रविवारी पंधरा-वीस मुलांना शिकवतो. दर वर्षी यातली निम्मी मुलं असेच कागद घेऊन येतात.

(खाली इंग्रजी अक्षरं तोडून, त्यांच्या नावाने लिहिली आहेत. शब्द कळायला अडला तर मोठ्याने म्हणून बघा. आमच्या वर्गात आम्ही हेच करतो.)

यादी तीन तऱ्हेची असते. एक, ‘इतक्या लांबीचा आणि त्यात अमुक अक्षर असलेला’ शब्द. दोन, जागा ठरलेली: दुसरं अक्षर ए, चौथं आर, एकूण पाच. शब्दकोडं आणि वर्डल (पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ) यांना ही दुसरी लागते. तीन, ‘हीच अक्षरं, एवढीच, सगळी वापरून’. स्क्रॅबलच्या रॅकवर (आपल्या सात टाइल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या, लावायची पट्टी) नेहमी तिसरा प्रश्न पडलेला असतो आणि तुमच्या मुलीने पाठ केलीय पहिली यादी. तिच्या डोक्यात ‘क्यू असलेले पाच अक्षरी’ या नावाचा कप्पा आहे. पण रॅकवर टाइल येतात त्या क्यू, ए, एन, ए, टी, आय, एल अशा विस्कटलेल्या. त्या टाइल पाहून कुठला कप्पा उघडायचा हे तिला कोणी शिकवलेलंच नाही.

उपाय जुना आहे. जगभरचे खेळाडू तो वापरतात. शब्द लक्षात ठेवायचा तो त्याच्या अक्षरांच्या वर्णानुक्रमाने. कार्डाच्या पुढच्या बाजूला ए-ए-एन-क्यू-टी, मागे क्यू-ए-एन-ए-टी. खेळताना रॅकवरच्या टाइल हाताने त्याच क्रमात लावायच्या. म्हणजे डोळ्यांना रोज तेच चित्र दिसतं आणि चित्रामागून शब्द येतो. मोठ्या स्पर्धेत शेजारच्या टेबलावर बघा, निम्मे लोक टाइल उचलल्या उचलल्या आधी वर्णानुक्रमाने लावतात, मग विचार करतात.

मराठी मुलांना इथे एक जादा अडचण असते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आपण शब्द कानाने लक्षात ठेवतो. आपली लिपीच तशी आहे, जसं बोलतो तसं लिहितो. आपल्या शब्दकोड्यात एका चौकटीत अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षरासकट. ‘सातारा’ तीन चौकटींत मावतो. त्याच गावाला इंग्रजीत सहा टाइल लागतात. ‘ती होडी जाडी होती’ आपण उलटसुलट वाचतो तेव्हा मात्रा अक्षराला चिकटूनच फिरते. इंग्रजीत मात्रा सुटी होते आणि स्वतःची टाइल घेऊन हिंडते. त्यामुळे मुलांच्या कानात शब्द पक्का असतो आणि डोळ्यांना तो ओळखीचा नसतो. स्क्रॅबलपुरतं कान बंद करायला शिकवा. उच्चार चुकला तर चुकू दे, गुण स्पेलिंगला मिळतात.

न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स हे याचं टोकाचं उदाहरण. २००७ ची जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत झाली, ती त्याने जिंकली. पुढे २०१५ मध्ये तो फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धाही जिंकला, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. काही आठवडे फ्रेंच शब्दयादी घेऊन बसला होता, तेवढंच. त्याच्यासाठी शब्द म्हणजे अक्षरांची मांडणी, बाकी काही नाही. तुमच्या मुलीने असं व्हावं असं मी म्हणत नाही (माझी पत्नी म्हणते की मी थोडासा झालोय), पण यातून कळतं की पाठांतर नेमकं कशाचं करायचं.

आता क्रम. सगळ्यात आधी दोन अक्षरी. भारतातल्या स्पर्धा सहसा कॉलिन्स नावाच्या शब्दयादीवर खेळतात. २०१९ च्या कॉलिन्स यादीत दोन अक्षरी शब्द १२७ आहेत. अमेरिकेतली यादी वेगळी, तिच्यात १०७. मोबाइलवरच्या खेळात कुठली यादी चालू आहे ते आधी बघा. आमच्याकडे एक मुलगा वर्षभर अमेरिकी यादीवर तयार झाला, स्पर्धेत समोरच्याने झेड-ओ लावला आणि हा ‘असा शब्दच नाही’ म्हणून हरकत घेऊन बसला. झेड-ओ म्हणजे याक आणि गाय यांचा संकर, कॉलिन्समध्ये चालतो. हरकत वाया गेली, वर तंद्री मोडली ती वेगळीच.

हे १२७ एका आठवड्यात होतात. ते सलग म्हणायला शिकवू नका, अक्षराभोवती शिकवा. एक्सचं बघा: ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स, एक्स-आय, एक्स-यू. पाचही स्वर झाले. तीन आधी, दोन नंतर. एक्सला ८ गुण आहेत आणि तिप्पट अक्षराच्या चौकटीवर (तिथे त्या अक्षराचे गुण तिप्पट होतात) तो आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांत मोजला गेला तर दोन टाइलवर ५० गुण होतात. हे मुलांना एकदा बोर्डावर करून दाखवा, पुन्हा सांगावं लागत नाही. व्हीचा दोन अक्षरी शब्द एकही नाही, ना कॉलिन्समध्ये ना अमेरिकेच्या यादीत. हेही पाठ करण्यासारखंच आहे, कारण समोरच्याची जागा अडवायला व्ही फार उपयोगी. कॉलिन्समध्ये सीचा एकच, सी-एच.

नुसत्या स्वरांचे वेगळे करून ठेवा. ए-ए म्हणजे हवाईमधला खडबडीत लाव्हा, ए-आय म्हणजे तीन बोटांचा स्लॉथ, ओ-ई म्हणजे फॅरो बेटांवरची वावटळ. रॅकवर पाच स्वर तुंबले की हे कामाला येतात. पाच अक्षरी शब्दांत ए-डी-आय-ई-यू आणि ए-यू-डी-आय-ओ, दोन्हींत चार-चार स्वर. वर्डल खेळणाऱ्यांना हे आधीपासून माहीत असतात.

तीन अक्षरी हजाराच्या वर आहेत. त्यांची यादी करून पाठ करू नये, असं माझं ठाम मत आहे. दोन अक्षरी शब्दाला आधी आणि नंतर काय चिकटतं एवढंच शिकायचं. ए-टी घ्या. आधी बी, सी, ई, एफ, एच, एम, ओ, पी, आर… हे कुणालाही येतं. पण क्यूसुद्धा लागतो! क्यू-ए-टी, येमेनमध्ये चघळतात तो पाला. बोर्डावर ए-टी पडलेला असताना तुमच्याकडे नुसता क्यू असला तरी १२ गुण आणि क्यूची पीडा गेली. नंतर ई लागतो आणि टीसुद्धा. ‘आधी काय, नंतर काय’ अशी शंभर-सव्वाशे कार्डं केली की तीन अक्षरी आपोआप होतात.

क्यूबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमच्या मुलीचा पहिला कागद तोच आहे आणि इथे पहिल्या तऱ्हेची यादी खरंच कामाची आहे. पिशवीत १०० टाइल. ई १२, ए आणि आय ९-९, यू ४, क्यू एक. इंग्रजीत क्यूच्या मागे यू लागतो आणि तो हाताशी असतोच असं नाही. डाव संपताना क्यू हातात राहिला तर तुमचे १० जातात आणि समोरच्याला १० मिळतात, म्हणजे २० चा फरक. म्हणून यू नसलेले क्यूचे शब्द मोठे खेळाडू बोटांवर मोजून ठेवतात.

गंमत म्हणजे हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. इंग्रजीत यूशिवाय क्यू येतो तो बहुतेक बाहेरून आलेल्या शब्दांत, त्यातही अरबीतून आलेल्यांत जास्त, आणि अरबी-फारसी शब्द आपल्या कानावर शेकडो वर्षं आहेत. क्यू-ए-डी-आय म्हणजे काझी. एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे फकीर. टी-ए-एल-ए-क्यू तलाक, एन-आय-क्यू-ए-बी नकाब, बी-यू-आर-क्यू-ए बुरखा (यात यू आहे, पण क्यूच्या मागे नाही), डब्ल्यू-ए-क्यू-एफ वक्फ, क्यू-ओ-आर-एम-ए कोर्मा. सात टाइलची क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, आपली कव्वाली, लागली तर वर ५० चा बोनस. दोन अक्षरी क्यू-आय चिनी आहे, प्राणशक्ती या अर्थाचा, क्यूसाठी सगळ्यात जास्त वापरला जातो तो हाच. आणि वर कार्डावर लिहिला तो क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे इराणातला जमिनीखालून पाणी आणणारा कालवा. मलिक अंबरने छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या खडकीत, बांधवलेली नहर-ए-अंबरी त्याच जातीची. मुलांना सहलीत ती दाखवली होती, त्यानंतर हा शब्द कोणी विसरलेलं नाही.

म्हणजे अर्थ पाठ करायचा की नाही? जिथे अर्थ फुकट मिळतो तिथे घ्या. परका शब्द असेल तर अर्थाच्या मागे लागू नका, वेळ जातो.

आपल्याकडून गेलेले शब्द ढिगाने आहेत. फक्त सावध राहा, एकाच शब्दाची तीन-तीन स्पेलिंगं आहेत. डाळ घ्या: डी-ए-एल, डी-ए-एच-एल, डी-एच-ए-एल, तिन्ही चालतात. तूप, जी-एच-ई-ई किंवा जी-एच-आय. साडी, एस-ए-आर-आय किंवा एस-ए-आर-ई-ई. धोतराची तर मजा आहे: डी-एच-ओ-टी-आय, डी-एच-ओ-ओ-टी-आय, डी-एच-यू-टी-आय. नाचणी आर-ए-जी-आय, ज्वारी जे-ओ-डब्ल्यू-ए-आर, बाजरी बी-ए-जे-आर-ए. या शेवटच्या दोघी जेला बाहेर काढतात, जेचे ८ गुण आहेत. धरणं आहे, डी-एच-ए-आर-एन-ए. पी-ई-एस-एच-डब्ल्यू-ए सुद्धा कॉलिन्समध्ये आहे, तो पेशवाच. मुंगूस इंग्रजीत गेलं ते मराठीतून, आणि डी-यू-एन-जी-ए-आर-ई-ई या जाड कापडाच्या नावामागे मुंबईचं डोंगरी आहे.

यावरून मुलांना वाटतं की घरातलं सगळंच चालतं. आमच्या एका मुलीने अंतिम फेरीत चकली लावली, सी-एच-ए-के-एल-आय. समोरच्याने हरकत घेतली, चकली परत रॅकवर. तेव्हापासून आमच्याकडे न चालणाऱ्या शब्दाला ‘चकली’ म्हणतात. नियम असा ठेवा: यादीत बघितल्याशिवाय घरचा शब्द लावायचा नाही.

मोठे गुण सात अक्षरी शब्दांत आहेत, कारण सातही टाइल एकदम लावल्या की ५० जादा. आणि इथे वर्णानुक्रमाचं कार्ड नसेल तर गाडी पुढे सरकतच नाही. सात अक्षरी शब्द हजारोंनी आहेत, पण सगळे सारख्या वेळा रॅकवर येत नाहीत. या खेळाचा जनक अल्फ्रेड मोशर बट्स हा न्यूयॉर्कचा वास्तुविशारद. महामंदीत काम गेलं तेव्हा त्याने वर्तमानपत्रांची पानं घेऊन अक्षरं मोजली आणि त्यावरून टाइलची संख्या ठरवली. एस मात्र त्याने मुद्दाम कमी, चारच ठेवला, नाहीतर लोक नुसती अनेकवचनं करत बसले असते. म्हणजे ई, ए, आय, एन, आर, टी, ओ यांच्या जोड्या सतत येणार. त्यांचे शब्द आधी शिकायचे.

यासाठी सहा अक्षरांचं विरजण वापरतात. ए-ई-आय-एन-एस-टी हे सगळ्यांत प्रसिद्ध. यांचाच टी-आय-एस-ए-एन-ई हा शब्द होतो, म्हणजे वनस्पतींचा काढा. या काढ्यात सातवं अक्षर कुठलं पडतं ते बघायचं. डी पडला तर इन्स्टेड, डिटेन्स, स्टेन्ड. के पडला तर इनटेक्स. एल, एन्टेल्स. एम, इनमेट्स. पी, सेपिअंट. यू, आंटीज. व्ही, नेटिव्ह्ज. झेडसुद्धा पडतो, झेनिएस्ट. आर पडला तर अमेरिकी यादीत एकाच सात अक्षरांचे नऊ शब्द आहेत: रिटेन्स, रेटिनाज, नास्टिअर, स्टेनर वगैरे. कार्डाच्या पुढच्या बाजूला कोपऱ्यात ‘९’ लिहायचं, म्हणजे पाच आठवल्यावर मूल थांबत नाही.

नऊच्या नऊ कशाला, एक पुरे नाही का? वडीलमंडळी हे हमखास विचारतात. आमच्याकडचाच एक डाव सांगतो. मुलीच्या रॅकवर ए-ई-जी-आय-एन-एस-टी. तिला सीटिंग लगेच दिसला, एस-ई-ए-टी-आय-एन-जी. बोर्डावर सगळ्यात खालच्या ओळीत टी-ए-बी-एल-ई पडलेला, ई चौदाव्या चौकटीत. पुढे कोपऱ्याची चौकट मोकळी, ती तिप्पट शब्दाची. तिथे एस ठेवला की टेबलचं अनेकवचन झालं. पण खाली जागाच नाही, बोर्ड संपला. उभा शब्द वरून खाली येऊन एसवर संपायला हवा. सीटिंग एसने सुरू होतो. टीझिंग आणि ईस्टिंगमध्ये एस मधेच. ती चार मिनिटं बघत बसली आणि शेवटी दोन टाइल लावून मोकळी झाली. तिथे ई-ए-टी-आय-एन-जी-एस बसत होता. आय-एन-जी-ए-टी-ई-एस सुद्धा बसत होता. हिशोब करा: उभ्या शब्दाचे ८, मधे एक चौकट दुप्पट अक्षराची म्हणून ९, त्याचे तिप्पट २७, वर बोनसचे ५०, आणि आडव्या शब्दाचे ८ त्रिक २४. एकूण १०१. तिने १४ घेतले. घरी जाऊन तिने त्या कार्डावर लाल पेनने एसच्या जागा लिहिल्या: पहिला, मधला, शेवटचा.

कार्डं किती आणि कशी फिरवायची? दिवसाला दहा नवी, त्याहून जास्त नको. बरोबर आलं की ते कार्ड तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. चुकलं की परत पहिल्या डब्यात. आम्ही बिस्किटांचे पाच डबे वापरतो. संगणकावर करायचं तर झिझिव्हा नावाचा प्रोग्रॅम आहे, त्यात लांबी, अक्षरं, ठरलेली जागा, सगळ्या अटी घालून शब्द काढता येतात आणि प्रश्नोत्तरंही होतात. त्याचं नावसुद्धा यादीतला शब्द आहे, झेड-वाय-झेड-झेड-वाय-व्ही-ए, एक जातीचा सोंडकिडा. पिशवीत झेड एकच आहे, पण दोन कोऱ्या टाइल (त्या कुठलंही अक्षर म्हणून चालतात) धरल्या तर तीन झेड होतात आणि हा शब्द लागू शकतो. पी-आय-झेड-झेड-ए-झेड-झेड मात्र नाही. तो यादीत आहे, सात अक्षरांचा आहे, पण चार झेड आणणार कुठून? मुलांना हे कोडं घाला, पिशवीत काय किती आहे ते त्यांना न सांगता पाठ होतं.

नववीतली मुलगी आहे, अभ्यास आहे, तेव्हा रोज वीस मिनिटं खूप झाली. कंटाळली तर एखाद दिवस स्क्रॅबल सोडून नुसता शब्दखेळ खेळा. इंग्रजीत ‘इलेव्हन प्लस टू’ लिहा, तेरा अक्षरं. तीच तेरा अक्षरं फिरवून ‘ट्वेल्व्ह प्लस वन’ होतं. अक्षरं तीच, लांबी तीच, आणि दोन्हींचं उत्तरही तेराच. आमच्याकडच्या एका आजोबांना हे दाखवलं तर त्यांनी कागदावर एकेक अक्षर खोडून पडताळून पाहिलं.

तिचे वीस-पंचवीस कागद फेकू नका. क्यू, एक्स, जे, झेड यांचे ठेवा, बाकीचे कापून त्यांची कार्डं करा. पहिलं कार्ड मी देतो. पुढे लिहा: ए-ए-ए-आर-एस-टी, कोपऱ्यात ‘कॉलिन्स’. अर्थ हवाच असेल तर आडव्या धारांचं जाड लोकरी कापड. मागे काय लिहायचं ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल, तिला सांगू नका.